स्टेडियमच्या फाटकाची चावी कोणाकडे?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची वस्ती जालना शहरातली, दाट घरांची. जवळच एक मोकळी जागा आहे. सकाळी म्हातारी माणसं तिथं फिरतात, संध्याकाळी पोरं खेळतात. त्या जागेवर गॅलऱ्या, मोठे दिवे, पक्की भिंत असं स्टेडियम व्हावं, अशी चर्चा गेले काही महिने कानावर येते आहे. यावरून गल्लीत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात, जालन्याला एक चांगलं स्टेडियम हवंच. मोठी माणसं म्हणतात, गर्दी, गोंगाट, गाड्या आणि पाणी यांचं काय? स्टेडियम शेजारी आलं की रहिवाशांच्या आयुष्यात नेमकं काय बदलतं? शंका काढली म्हणजे आम्ही खेळाच्या विरोधात गेलो का? आणि बोलायचं तर कुठं, कधी, कसं बोलायचं?
— एक वाचक, नवा जालना

उत्तर : तुमचा मधला प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. शंका काढणं म्हणजे खेळाला विरोध करणं नव्हे. आपल्याकडे ‘शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात’ अशी म्हण आहे. रहिवाशांनी तोंड उघडलं की तीच त्यांना ऐकवली जाते. पण ज्या जागेवर तुमच्या गल्लीतली पोरं रोज खेळतात, तिची काळजी वाहणारी माणसं खेळाची वैरी कशी असतील?

तरुणांची मागणीही तितकीच खरी आहे. २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा काढणारा आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व करणारा विजय झोल जालन्याचा. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्याच्या आझाद मैदानावर झाली. माती विभागातला बाला रफिक शेख आणि गादी विभागातला अभिजित कटके यांची अंतिम कुस्ती या शहराने पाहिली आणि बाला रफिकच्या खांद्यावर गदा आली. इथल्या माणसांना खेळ कळतो, खेळाडूही इथं घडतात. २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आता शहराने मोठी स्वप्नं पाहणं साहजिक आहे.

तेव्हा ‘स्टेडियम हवं की नको’ या वादात अडकू नका. नेमकं काय बांधणार, कोणासाठी आणि कुठं, असं विचारा. तसं विचारलंत तर दोन्ही तटांना एका बाकावर बसता येईल.

मैदान आणि स्टेडियम एकच का?

नाही. सगळा घोटाळा इथंच होतो. ‘स्टेडियम’ हा शब्द ग्रीक ‘स्टॅडिऑन’वरून आला आणि तो मुळात अंतराचं माप होता. सहाशे ग्रीक फूट म्हणजे एक स्टॅडिऑन. ऑलिंपियात हे अंतर सुमारे १९२ मीटर भरतं. तेवढं अंतर एका दमात पळायची शर्यत असे. मापाचं नाव शर्यतीला मिळालं, शर्यतीचं जागेला. प्रेक्षक भोवतीच्या मातीच्या उतारावर बसत. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पळणारा माणूस आहे, बघणारा नंतर आला.

आपल्याकडेही तसंच. कोल्हापूरचं खासबाग मैदान छत्रपती शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते १९१२ साली पूर्ण झालं. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी. आधी हौदा कुठं हे ठरलं, मग माणसं कुठं बसणार ते.

आजकाल बरेचदा उलटं होतं. नकाशात गॅलरी, प्रवेशद्वार, गाळे, व्यासपीठ हे सगळं ठळक असतं आणि मधल्या हिरव्या तुकड्यावर नुसतं ‘मैदान’ लिहिलेलं असतं. म्हणून प्रस्तावाचा नकाशा हाती आला की आधी हे बघा, की खेळायची जागा आजच्यापेक्षा वाढते आहे की घटते आहे.

याचा हिशोब घरी बसून करता येतो. आठ पदरांच्या ४०० मीटर धावपट्टीला सुमारे १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा लागते. म्हणजे चार एकरांहून थोडी जास्त, आणि यात एकही खुर्ची धरलेली नाही. मोठ्या क्रिकेट सामन्यात सीमारेषा मध्यापासून साधारण ६० ते ८२ मीटरवर असते. ७० मीटर धरली तरी मैदान पावणेचार एकरांच्या पुढे जातं. याउलट कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. भोवतीची मोकळी जागा धरूनही ही तिन्ही मैदानं वीस गुंठ्यांत बसतात.

तुमची जागा दोन-तीन एकरांची असेल, तर तिथं ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ काही होणार नाही. भिंत होईल, गॅलरी होईल आणि मध्ये मापात न बसणारं मैदान उरेल. तेवढ्याच जागेत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, एक तालीम आणि कडेने चालायची वाट असं सगळं नीट मांडता येतं.

गर्दी आणि गाड्यांची भीती खरी की उगाच?

खरी आहे, आणि तीही मोजता येते. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात सामना संपल्यावर जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका तयार झाली, ती आजवर सुधारत आली आहे. तिचा एक साधा आडाखा आहे. प्रेक्षकांना आठ मिनिटांत बाहेर पडता आलं पाहिजे, आणि सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८२ माणसं जाऊ शकतात.

दहा हजार प्रेक्षक धरा. आठ मिनिटांत ते बाहेर पडायचे तर सगळ्या फाटकांची मिळून रुंदी पंधरा मीटर हवी. समजा फाटकं तेवढी ठेवली. पण फाटकाबाहेर काय आहे? सहा मीटरचा एकच रस्ता असेल, तर तो पूर्ण रिकामा असला तरी तेवढ्या लोकांना निघून जायला वीस मिनिटं लागतील. त्यावर हातगाडी असली, एक रिक्षा आडवी लागली, कडेने मोटारसायकली उभ्या असल्या, तर किती लागतील? आणि त्याच वेळी वस्तीतल्या कोणाच्या छातीत दुखायला लागलं, तर रुग्णवाहिका कुठून येईल?

गाड्यांचा हिशोबही करून ठेवा. दहा हजारांतले निम्मे लोक दुचाकीवर, एका गाडीवर दोघं, असे आले तर अडीच हजार मोटारसायकली झाल्या. एका गाडीला दोन चौरस मीटर धरले तरी नुसत्या गाड्या लावायला सव्वा एकर लागतो, आत-बाहेर करायची वाट वेगळीच. ही जागा नकाशात दाखवलेली नसेल, तर ती तुमच्या दारापुढे आहे असं समजा.

बंगळुरूचं उदाहरण ताजं आहे. ४ जून २०२५ ला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगरून ११ जणांचा जीव गेला. ही माणसं आत बसलेली नव्हती, फाटकांबाहेर होती. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जॉन मायकेल डी’कुन्हा आयोगाने मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी ती जागा सुरक्षित नसल्याचं मत नोंदवलं. ते स्टेडियम ऐन शहरात आहे आणि रांग लावायला पदपथ व रस्ता हीच जागा उरते. आपल्या नागपुरातही नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड सामन्याच्या वेळी सिव्हिल लाइन्समधल्या मैदानात भिंत कोसळून प्रेक्षक दगावले होते. बांधकाम नेमकं कसं आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे रहिवाशांनी विचारणं म्हणजे नसती लुडबुड नव्हे.

गोंगाट, धूळ आणि दिव्यांचं काय?

गोंगाटाबाबत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं, तिथं ती दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. स्टेडियमला म्हणून वेगळी सवलत नाही.

मुंबईच्या शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी हाच धागा पकडला. विकॉम ट्रस्टच्या याचिकेवर २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या परिसराला शांतता क्षेत्र ठरवलं. खेळ बंद झाला नाही. नेटमधला सराव चालू राहिला, मल्लखांब चालू राहिला. बंधन आलं ते सभा आणि ध्वनिक्षेपकांवर. तुमच्या गल्लीतल्या दोन्ही तटांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं. पोरांच्या आरडाओरड्याने कोणाचं घर उद्ध्वस्त होत नाही. घराच्या काचा थरथरतात त्या भिंतीसारख्या उभ्या केलेल्या स्पीकरांनी.

शिवाजी पार्कने आणखी एक धडा दिला, धुळीचा. तिथं पसरलेली लाल माती वाऱ्याबरोबर घराघरांत जाऊ लागली, म्हातारी माणसं आणि लहान मुलं खोकू लागली, आणि ती माती काढावी म्हणून रहिवाशांना वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. जालन्यात मार्च ते मे हवा किती कोरडी आणि वारा किती सुटलेला असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. कोणती माती टाकणार, गवत असणार का, कडेने झाडं लावणार की असलेली तोडणार, हे आधीच ठरलं पाहिजे. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

दिव्यांबाबत दोनच अटी मागा. प्रकाशझोत मैदानावर पडावेत, घरांच्या खिडक्यांवर पडू नयेत, आणि रोज किती वाजता ते मालवायचे ही वेळ लेखी असावी.

पाण्याचा प्रश्न

जालन्याच्या माणसाला पाण्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. घाणेवाडीच्या तलावाने या शहराला कितीतरी दशकं पाणी पाजलं. पुढे जायकवाडीहून जलवाहिनी आली. २०१२-१३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. नळाला पाणी येण्याचा दिवस हा ज्या शहरात सणासारखा पाळावा लागला, तिथं हिरवळ कशावर जगवणार हा पहिला प्रश्न असायला हवा.

याला न्यायालयाचा आधारही आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. त्याच वेळी राज्यात आयपीएलच्या सामन्यांसाठी मुंबई, पुणे आणि नागपूरच्या मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, हा मुद्दा लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश न्यायालयाने दिला. त्या सुनावणीत आयोजकांनी महालक्ष्मी रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली होती. म्हणजे मार्ग आहे, तो सुरुवातीपासूनच आखायला हवा. हिरवळीला पिण्याचं पाणी वापरणार नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि छतावरचं पावसाचं पाणी वापरू, हे प्रकल्प अहवालात लिहिलेलं असलं पाहिजे. आणि जिथं ते जमत नाही तिथं मातीचं मैदान ठेवायला लाज कसली? खो-खो, कबड्डी आणि कुस्ती मातीतच वाढल्या. तालमीच्या मातीला ताक, तेल, हळद आणि लिंबू लागतं, टँकर लागत नाही.

सामन्याचा दिवस आणि बाकीचे दिवस

आतापर्यंत सांगितलं ते बरंचसं सामन्याच्या दिवसाचं. पण जिल्ह्याच्या गावात मोठे सामने वर्षाला किती होतात? दहा? पंधरा? वीस धरले तरी ३४५ दिवस उरतात. स्टेडियम चांगलं की वाईट, हे त्या ३४५ दिवसांवर ठरवा.

हे मी अनुभवातून सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या गावात घरापासून पाच मिनिटांवर एक मैदान होतं. सुतळी ताणून, फक्की टाकून आम्ही खो-खोचं मैदान आखायचो. फक्की संपली की चुलीतली राख चालायची. खांबाच्या जागी दोन टोकांना दोन बाभळीचे वासे पुरलेले होते, आणि त्यांना हात लावून लावून त्यांची साल गुळगुळीत झाली होती. मग तिथं स्टेडियम झालं. आम्ही उद्घाटनाला टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवसांनी गेलो तर फाटकाला कुलूप. चावी कोणाकडे, तर ज्या कार्यालयात आम्हाला कोणी ओळखत नव्हतं, तिथल्या एका कपाटात. गॅलरीखालचे गाळे भाड्याने गेले. आत सभा झाल्या, प्रदर्शनं झाली, मांडवांसाठी खड्डे पडले आणि ते कोणी बुजवले नाहीत. मागच्या भिंतीला पोरांनी भगदाड पाडलं. त्यातून आम्ही आत जायचो आणि पहारेकरी दिसला की पळायचो. ज्या मैदानावर आम्ही राजासारखे खेळलो होतो, तिथं आम्ही चोर झालो. मुली तर त्या भगदाडातून कधी गेल्याच नाहीत. त्यांचं खेळणं त्या दिवसापासून संपलं.

म्हणून मी तुम्हाला सांगेन की गर्दी आणि गोंगाटाआधी चावीचं विचारा. फाटक रोज किती वाजता उघडेल? वस्तीतल्या मुलांना पैसे पडतील का? मुलींसाठी स्वच्छतागृह आणि पुरेसा उजेड असेल का? फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कडेची वाट राहील का? खेळाखेरीज इतर कामांना वर्षातून किती दिवस जागा देणार? देखभालीचा पैसा दरवर्षी कोणत्या खात्यातून येणार? बांधायला एकदा निधी मिळतो, त्याची पाटी लागते. राखायला रोज पैसा लागतो आणि त्याची पाटी कोणी लावत नाही.

मग स्टेडियम गावाबाहेरच न्यावं का?

मोठं असेल तर बहुधा होय, पण डोळे उघडे ठेवून. नागपूरचे मोठे सामने २००८ मध्ये सिव्हिल लाइन्समधून वर्धा रस्त्यावरच्या जामठ्याला गेले. सौरव गांगुलीची शेवटची कसोटी तिथंच झाली. पुण्याचं क्रिकेट स्टेडियम २०१२ मध्ये गहुंजे इथं, द्रुतगती मार्गाजवळ उभं राहिलं. शहरातल्या वस्त्यांवरचा ताण त्यामुळे गेला. पण सामन्याच्या दिवशी वर्धा रस्ता तुंबू लागला, आणि गाडी नसलेल्या पोराला गहुंज्याला जाऊन सराव करणं शक्य नाही.

यातून मला एक सूत्र दिसतं : गॅलरी दूर, मैदान जवळ. पाहण्याची जागा मोठ्या रस्त्यालगत, बस आणि रेल्वेला जोडून, शहराच्या कडेला असू द्या. खेळण्याची जागा मात्र मुलाला पायी जाता येईल इतकी जवळ हवी, आणि अशी एकच नको, प्रत्येक भागात एक हवी. बाला रफिकची ती कुस्ती आठवा. महाराष्ट्र केसरीएवढी मोठी स्पर्धा आझाद मैदानाने घेतली आणि स्पर्धा संपल्यावर ते पुन्हा मैदान झालं. चार दिवसांच्या गर्दीसाठी वस्तीतली मोकळी जागा कायमची बांधून टाकण्याआधी एवढं तरी आठवावं.

बोलायचं कुठं, कधी आणि कसं?

कधी, याचं उत्तर : कुदळ पडण्याआधी. खड्डे खणल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा कागद फिरत असताना एक अर्ज जास्त काम करतो.

पहिली पायरी, जागेचं आरक्षण पाहा. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात विकास योजनेचा नकाशा असतो. त्या जागेवर ‘खेळाचं मैदान’ लिहिलंय, ‘उद्यान’ लिहिलंय की ‘स्टेडियम’, हे बघा, आणि भाग नकाशाची प्रत घ्या. ही तिन्ही आरक्षणं वेगवेगळी आहेत.

दुसरी पायरी, आरक्षण बदलणार असतील तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी जाहीर सूचना निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. वर्तमानपत्रातली ती बारीक अक्षरांतली सूचना डोळ्यांखालून घालायचं काम वस्तीतल्या एका माणसाने अंगावर घ्यावं. हरकत लेखी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा. शंभर जणांनी एकाच छापील अर्जावर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या अडचणी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या तर त्यांना वजन येतं.

तिसरी पायरी, माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सविस्तर प्रकल्प अहवाल, वाहतुकीचा आराखडा, पाण्याची तरतूद, देखभालीचा वार्षिक खर्च आणि गाळे देण्याचा प्रस्ताव यांच्या प्रती मागा. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी पर्यावरण मंजुरी लागते. मात्र अशा बांधकामांना त्या अधिसूचनेखाली जनसुनावणी नसते. ‘सुनावणी होईल तेव्हा बोलू’ म्हणून थांबलात तर ती वेळ कदाचित येणारच नाही.

चौथी पायरी न्यायालयाची, आणि ती शेवटची. बंगळुरूच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती. रहिवाशांनी आव्हान दिलं आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. मोकळ्या जागेसाठी दाद मागण्याचा हक्क रहिवाशांना आहे, हे त्या निकालाने पक्कं केलं. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नव्हे. तरीही मोकळ्या जागेचं मोल न्यायालयाने ओळखलं, हे ध्यानात घ्या.

या सगळ्याआधी एक काम मात्र कोणत्याही कार्यालयात न जाता होतं. येत्या रविवारी संध्याकाळी दोन्ही तटांतली दोन-दोन माणसं घ्या, सोबत पंधरा मीटरची टेप घ्या. मैदानाची लांबी-रुंदी मोजा. त्याला लागून असलेले रस्ते किती रुंद आहेत ते मोजा. त्या वेळी मैदानावर किती मुलं, किती मुली, किती म्हातारी माणसं आहेत ते मोजा. वहीत तारीख घालून लिहा. हीच मोजणी सकाळी सहाला पुन्हा करा. स्टेडियम हवं म्हणणाऱ्या तरुणालाही कळेल की आज इथं कोण खेळतं, आणि नको म्हणणाऱ्या काकांनाही कळेल की पोरांना खेळायला किती अपुरी जागा आहे. महानगरपालिकेपुढे ही वही ठेवलीत, तर ‘तुमचा विरोध का’ असं विचारायच्या आधी समोरच्याला ती वाचावी लागेल.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्या मागण्यांच्या वर, एक ओळ लिहा : फाटक रोज पहाटे उघडेल आणि चावी याच वस्तीत राहील. ती ओळ ज्या प्रस्तावात मान्य होईल, त्यातल्या गॅलरीच्या उंचीवर आणि दिव्यांच्या संख्येवर तुमच्या गल्लीत समेट होऊ शकेल. जिथं ती मान्य होणार नाही, तिथं भिंत उभी राहण्याआधीच हरकत घ्या. भगदाडातून आत शिरण्याची वेळ तुमच्या पोरांवर येऊ देऊ नका.